सावडीतला अर्धा माणूस

आमच्या माले गावात भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं, परवा तिसऱ्याचं. मजुरी नाही. ज्याचं खाचर त्याने दुपारचं जेवण घालायचं, एवढंच. ज्या घराने एक माणूस दिला त्या घरी एक माणूस परत येतो. तो धट्टाकट्टा आहे की खंगलेला, हे सावड विचारत नाही. लहान पोर आलं तर मात्र ते अर्धा माणूस धरतात, कारण पोर रोपांच्या जुड्या वाहतं, लावत नाही. हा कायदा कुणी लिहून काढलेला नाही, त्यामुळे त्यात दुरुस्त्या सुचवायला समित्याही बसल्या नाहीत.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. लोकसंख्येच्या प्रकरणात एक तास अवलंबितांचा असे. पंधराच्या आतले आणि साठीच्या वरचे अवलंबित, मधले कमावते, आणि मधल्यांच्या खांद्यावर दोन्ही बाजूंचा भार किती, हे काढायचं. फळ्यावर तीन चौकोन काढले की प्रकरण संपे. मुलं उतरवून घेत. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, म्हणून माझ्या त्या तासाला गर्दीही बरी असे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बायको गेली आणि मी गावी थोरल्या भावाकडे राहायला आलो. वहिनी आधीच गेलेली. घरात मी, दादा आणि एक म्हैस. मागच्या दोन खोल्या उरवड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिलेल्या. ती झारखंडची. गावात विशी-पंचविशीची माणसं दिसतात ती बहुतेक अशी, संध्याकाळी बसमधून उतरणारी. आमची स्वतःची पोरं चांदे, नांदे, हिंजवडीकडे. गणती करणारा आला तर तो दोन्ही प्रकार मिळवून गाव बऱ्यापैकी तरुण आहे असं लिहून जाईल.

मी आलो तेव्हा सावडीत जेमतेम बारा-तेरा माणसं उरली होती. त्यातली सगळ्यात लहान बाई अठ्ठावन्न वर्षांची. तिला सगळे ‘पोरी’ म्हणतात, आणि ‘पोरी, पाणी आण’ म्हटलं की तीही गुडघ्यावर हात टेकून उठते.

मागे एकदा पौडला ज्येष्ठांचा गौरव समारंभ झाला. मला भाषणाला बोलावलं होतं, बहुधा फुकट मिळणारा वक्ता म्हणून. माझ्या आधी एक नेते बोलले. आपला देश तरुणांचा देश आहे, असं त्यांनी सत्तर-ऐंशी म्हाताऱ्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. तरुण कुणीच आले नव्हते, कामाचा दिवस होता. मग प्रत्येकाला शाल आणि नारळ. शाली वाटायला इतका वेळ लागला की माझं भाषण आभारातच उरकलं, त्यात श्रोत्यांचं काही नुकसान झालं नाही. परतताना जीपमध्ये दादाने शाल उलगडून बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाला, “म्हशीवर टाकावी तर तिला बी उबारा व्हायचा न्हाई.”

दादा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा. फळ्यावरच्या चौकोनात गेली अठरा वर्षं अवलंबित. त्याच्या पोराची, म्हणजे माझ्या पुतण्याची, नोकरी मध्यंतरी सुटली होती. दीड वर्ष तो चांद्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसलेला असे. त्या दीड वर्षात तांदूळ, दूध, कडधान्य, सगळं इथून जायचं. दादा स्वतः पोती एसटीत चढवायचा. तेव्हाही चौकोनात पुतण्या कमावता होता आणि दादा त्याच्यावरचा भार. मी शिकवलेली व्याख्या असल्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती.

सावडीची हाक काकी देते. ती आमची चुलती, पण वयाने दादाहून पाच वर्षांनी लहान. भावकीत असं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा दादा मिसरूड फुटलेला गडी होता, आणि तेव्हापासून ती त्याला अरे-तुरे करते आणि तो तिला अहो-जाहो. पहाटे ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि एकेका घराच्या नावाने हाक घालते. ज्या घराला हाक, त्या घराने निघायचं. तिला विचारलं की आज कुणाकडे, तर ती उत्तर देत नाही. चालायला लागते.

एका वर्षी लावणीत दादाची पाठ धरली. लावणाऱ्यांची ओळ मागे मागे सरकत जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आपापला पट्टा येतो. दादाच्या पट्ट्यात लावायचं राहून जायला लागलं. मग डावीकडची बाई त्याच्यातले चार चुडे, रोपांचे चिमटीएवढे झुपके, लावी, उजवीकडची चार. कुणी काही बोलत नव्हतं. दादाला ते कळत होतं की नाही, मला तेव्हा सांगता आलं नसतं. तो दर वेळी ओळ सरळ झाली की समाधानाने कमरेवर हात ठेवून मागे बघायचा. शेवटच्या खाचरात मात्र तो चिखलात बसला तो बसलाच. दोघींनी काखेत हात घालून उठवला. तो हसला, त्याही हसल्या. त्या दिवशी जेवताना नेहमीपेक्षा जास्त चेष्टा झाली, यावरून मी ओळखायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मलाही गंमतच वाटली.

पुढच्या पावसाळ्याआधी काकी आणि बाकीच्यांनी आपसात ठरवलं. ठरलं ते असं, की दादाला हाक द्यायची नाही, पण त्याच्या खाचरावर सगळ्यांनी जायचं, आणि आधी जायचं. त्याने आयुष्यभर सगळ्यांची खाचरं लावली, आता त्याने बसून खावं. यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. उलट आपण एका म्हाताऱ्यासाठी काही चांगलं करतोय, या आनंदात सगळे होते. फक्त हे त्याला सांगायचं कुणी, हे ठरलं नाही. तोंडावर ‘येऊ नकोस’ म्हणायला आमच्याकडे जीभ रेटत नाही. हाक दिली नाही की ज्याने त्याने समजून घ्यायचं.

लावणीच्या पहिल्या पहाटे दादा माझ्या आधी उठला होता. धोतर वर खोचलेलं, डोक्याला फडकं, अंगावर घ्यायचा प्लॅस्टिकचा कागद घडी करून शेजारी. चहा घेऊन तो पायरीवर बसला. काकीची हाक वरच्या घराला गेली, मग आमच्या शेजारी, मग पलीकडे. आमचं घर मध्ये राहिलं.

“काकीचा आवाज बसलाय,” दादा म्हणाला. “पावसाळी हवा हाय.”

 पावलांचे आवाज खाली उतरले. दादा आणखी थोडा वेळ बसला. मग कागद काखेत मारून उठला आणि त्यांच्यामागून निघाला. मी त्याच्यामागून गेलो, काही काम नसताना.

खाचरात ओळ लागली होती. दादाच्या जागी कुणी नव्हतं, कारण जागाच ठेवलेली नव्हती. सगळे थोडे थोडे सरकून उभे होते. दादा बांधावर आला तसे सगळे वर बघून हसले आणि पुन्हा वाकले. काकी म्हणाली, बस तिथं, चहा घे, पाऊस लई हाय. तो बसला नाही. रोपांच्या जुड्यांचा ढीग बांधावर होता. त्याने त्यातल्या जुड्या उचलून लावणाऱ्यांच्या हाताशी पडतील अशा टाकायला सुरुवात केली. हे पोरांचं काम. पूर्वी शाळेला दांडी मारून आलेली पोरं जुड्या टाकायची आणि मुद्दाम चिखल उडेल अशा टाकायची. दादा नेम धरून टाकत होता, एकीच्याही तोंडावर शिंतोडा गेला नाही. दुपारपर्यंत त्याने ते केलं.

जेवायला बसल्यावर पहिलं ताट त्याला दिलं. भाकरी, सुकटीचं कालवण, वर कांदा फोडून. त्याने घास मोडला आणि खाली बघूनच म्हणाला, “काकी, आजचा मला अर्धा तरी धरा.”

काकी हसली. तिला खरंच माया आली होती. म्हणाली, “अर्धा कशाला रं? तुजं खाचर आमी समदी मिळून लावनार हाय. तू नुसता बघत बस.”

दादाने मान हलवली. भाकरी संपवली. कालवण राहिलं.

त्यानंतर तो पहाटे उठायचा, पण धोतर खोचायचा नाही. गोठ्यात जायचा, म्हशीचं बघायचा. हाक गेली की त्याच वेळी त्याला नेमकी बादली आपटायची असे. मी एकदा विषय काढला. म्हटलं, पाठीला आराम पडेल, त्यांच्या मनात तुझ्याबद्दल वाईट काही नाही. तो म्हणाला, “वाईट आसतं तर भांडलो आसतो.”  दिवसा तो आमच्या रोपाच्या वाफ्यात पाटावर बसून एक एक मूठ रोप उपटून जुड्या बांधत राहिला. खाचराची चिखलणीही त्याने टिलरवाल्याला बोलावून वेळेत करून घेतली. मला वाटलं, समजूत पटली.

आमच्या पाळीच्या दिवशी सगळे आले. ठरल्याप्रमाणे आमचा नंबर वर काढला होता. पाऊस चांगला चालू होता. मी घरी जेवणाची तयारी बघत होतो, ती सोडून मीही बांधावर गेलो. दादा खाचराच्या तोंडाशी उभा होता, जुड्यांच्या ढिगापुढे.

“कशाला आला?” त्याने विचारलं.

कुणीतरी म्हणालं, लावणीला.

“माजं तुमच्याकडं येनं किती दिसांचं?”

पावसात कुणाला नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं नाही असं दाखवलं. त्याने पुन्हा विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “एक बी दिस न्हाई. मंग कशापायी आला?”

काकी पुढे झाली. “आरं, येन्या-देन्याचं काय घेऊन बसलास. आपलीच मानसं हाईत न्हवं?”

“आपली मानसं हाईत म्हनून सावड हाय, काकी. आपली नसती तर भीक घालून मोकळी झाली आसती.”

तो ओरडला नाही. पोरीने, म्हणजे त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने, चेष्टेवारी न्यायला म्हणून हसत एक पाय खाचरात घातला. दादा तिला म्हणाला, “पाय काढ.” तिने काढला. पाय काढल्यावर चिखलात राहिलेला खड्डा पाण्याने भरला, आणि सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले, दुसरीकडे बघायला नको म्हणून. मग काकी वळली. तिच्यामागे एक एक करून सगळे वळले. त्या दिवशी सावडीला काम नव्हतं. लावणीच्या ऐन दिवसांत भर सकाळी बारा-तेरा माणसं गल्लीत कागद पांघरून उभी होती आणि घरात कुणी जाईना.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्याकडे आली. दादा गोठ्यात होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती पायरीवर न बसता कोपऱ्यात उभी राहिली. मला वाटलं, ती रागावली असेल. ती घाबरली होती. म्हणाली, “त्याला तोंडावर सांगाया पायजे व्हतं. आमी भिलो.” थोड्या वेळाने म्हणाली, “माजी पाळी आल्यावर कोन सांगंल रं?”

मी म्हटलं, मी सांगेन. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर सावरून निघून गेली.

पुतण्या रविवारी आला. त्याला सगळं मीच फोनवर कळवलं होतं. त्याने कुठूनतरी मजुरांची टोळी ठरवली, ती पिकअपमधून आली आणि दीड दिवसात सगळी खाचरं लावून गेली. लावणी चांगली झाली. दादाने त्यांना पोटभर जेवू घातलं, त्यांच्याशी हिंदीत दोन शब्द बोलायचा प्रयत्नही केला. त्यांच्याशी त्याचं काही वाकडं नव्हतं. पण एकदाही तो लावलेल्या ओळी बघायला बांधावर गेला नाही. कापणीला तीच टोळी पुन्हा आली. पुतण्याला वाटलं, प्रश्न सुटला, आणि सुटल्यासारखाच दिसत होता. दिवाळीनंतर म्हैस विकली. दादा चांद्याला गेला. कुणी चल म्हटलं नाही, त्याने स्वतःच पिशवी भरली.

पुढच्या वर्षी पुतण्याने खाचरं पडीक ठेवायला सांगितलं. टोळीच्या मागे लागणं त्याला जमणार नव्हतं आणि मला भातातलं काही कळत नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. सावडीत आणखी दोघं कमी झाली होती. एक गेली, एकाला मुलीने नेलं. लावणी सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकी दारात आली आणि म्हणाली, यतोस का. मी सदुसष्टचा. तिथे त्या वयाचा माणूस म्हणजे हाताशी आलेला पोरगाच. गेलो. माझ्या ओळी नागमोडी जात होत्या, काही चुडे दुपारपर्यंत तरंगून वर यायचे. बायका ते पुन्हा खोचायच्या आणि मला मास्तर म्हणून हाक मारून हसायच्या. माझी पाठ रात्रभर दुखायची. तरी मी रोज गेलो, आणि खोटं कशाला, मला बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी मला कामाला बोलावत होतं.

त्या आठवड्यात एक दिवस पावसाने काम थांबलं, म्हणून चांद्याला दादाकडे गेलो. सातवा मजला. खाली रखवालदाराने मी कोणाकडे आणि कशासाठी आलो हे विचारलं. भावाकडे म्हटल्यावर फ्लॅट नंबर विचारला. दादा बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. समोर दुसरी इमारत, तिच्या बाल्कनीत तसाच एक म्हातारा. त्यांची ओळख झाली नव्हती. दादा म्हणाला, तो बंगाली की काय हाय, आमी फकस्त बघतो.

मग त्याने विचारलं, लावणी कुठवर आली. मी सांगितलं, कुणाची झाली, कुणाची राहिली. तो प्रत्येक खाचराला मान हलवत होता. मी म्हटलं, मी जातोय यंदा, तुझ्या जागी. हे ऐकून त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं, म्हणूनच मी गेलो होतो बहुधा. तो खरंच हसला. माझे हात पुढे घ्यायला लावले, उलटसुलट करून बघितले. बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडली होती.

“आन आपल्या खाचरांत?”

“यंदा काही नाही. पडीक.”

तो हसायचा थांबला. माझे हात सोडले.

“मंग तू कुनासाटी जातुयास?”

मी म्हटलं, असंच, तेवढीच मदत.

“काकी तुजा दिस फेडनार कुटं? तिनं तुज्याकडं यायचं कशाला? नुसतं जेवाया?” तो बाल्कनीच्या गजांकडे बघत बोलत होता. “त्यास्नी आसं करू नगंस.”

आत सुनेने टीव्ही लावला. थोड्या वेळाने दादा म्हणाला, “घरामागचं येक खाचर तरी लाव. रोप माग कुनाचंतरी उरलेलं. मागितलं तर देत्यात.”

मी मागितलं. काकीनेच दिलं, जरा जून झालेलं, पण चालणारं. टिलरवाला हातापाया पडल्यावर आला. माझ्या पाळीच्या दिवशी सकाळी सगळे आले. काकीने खाचर बघितलं, खोलीएवढं, आणि काही न बोलता साडीचा काष्टा आवळला. ओळ लावायची म्हटलं तर सगळे मावेनात, निम्मे बांधावर बसून राहिले आणि पाळीपाळीने उतरले. न्याहारीच्या वेळेला लावून झालं. जेवण मात्र मी पूर्ण दिवसाचं केलं होतं, म्हणून पुढचा सगळा वेळ लोक खात बसले आणि माझ्या कालवणाची टिंगल करत राहिले. निघताना काकी म्हणाली, “मास्तर, आता फिटलं.”

संध्याकाळी मी चांद्याला फोन लावला. दादा म्हणाला, “समदी आली?”

“सगळी.”

“काकी?”

“तीच आधी उतरली.”

 मग फोन पुतण्याच्या हातात गेला. तो बाल्कनीतून आत चालत गेल्याचं आवाजावरून कळलं. दार लोटून घेतल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, “काका, बाबांना तिकडचं काही सांगत जाऊ नका. रात्री जेवत नाहीत मग.”

मी बरं म्हटलं.